पेटीवाल्या काकांचा हातमोजा

सोल्डरिंगचा जळका वास आला की अर्जुनी मोरगावच्या कॉलेजातलं प्रदर्शन आठवतं आणि तोंड कडू होतं. मी एक हातमोजा केला होता. तो घालून बोटं हलवली की लॅपटॉपमधून पेटीचे सूर निघायचे. आमच्या भजनी मंडळातल्या काकांची बोटं लकव्यानंतर पेटीवर चालत नव्हती, त्यांच्यासाठी मी तो महिनोन्महिने जुळवला होता. पण उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यालाच तो आधी घालायचा होता. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या थुंकीनं ओली बोटं त्यानं आत कोंबली. नुसतीच चिरचिर निघाली. प्राचार्य माझ्या कानाशी म्हणाले, "पेटीचं रेकॉर्डिंग लावून दे ना, कोणाले समजते?" मी लावलं. पुढारी हात हलवत राहिला, फोटोसाठी हात थांबवला तरी सूर चालूच होते, टाळ्या पडल्या. मग गर्दीतून हे सगळं पाहत असलेले काका जवळ आले. "त्याचा हात तं थांबला होता, मंग पेटी काऊन वाजून राहिली होती?" मी म्हणालो, "मशीन बिघडली होती, काका." "मंग राहू दे बाबा," म्हणत ते मोजा न घालताच बसस्टँडकडे निघून गेले. त्यांच्या घरी जाऊन खरं सांगणं मला आजवर जमलेलं नाही, आणि स्वतःचीच किळस येते.