दिपमालाचे फाटके मांडे

नरडाण्याच्या दिपमालाच्या हातचा मांडा एकदा पानात पडला की माणूस भात-भाजी विसरतो. खोटं वाटत असेल तर धुळ्यापासून चाळीसगावपर्यंत कुणालाही विचारा. पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत ती पार कोपरापर्यंत पसरवते आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकते, सुरकुती म्हणून नाही. पण कुणी मोठा माणूस बघायला उभा राहिला रे राहिला की मांडा फाटलाच! लोक म्हणायचे, बिचारीचा हात थरथरतो. थरथरतो कसला, डोंबल! बाई मुद्दाम अंगठ्याचं नख मारायची.

का, तर फार वर्षांपूर्वी एका लग्नात कुणी पाहुणा सगळ्यांदेखत म्हणाला, "बाकीच्या बायांनी हिच्याकडून शिकावं." झालं! मोठी जाऊ लताबाई तोंड फिरवून बसली. त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या बाया झोक्यावर जमल्या, गाणी म्हटली, पण हिला कुणी हाक मारली नाही. ही आपणहून गेली तर लताबाई म्हणाली, "तू आता मोठी झालीस बाय, आमच्यात कशाला येतेस?" दिपमालानं त्या दिवशी जी धास्ती घेतली ती घेतलीच. चांगलं करायचं, पण सगळ्यांच्या पुढे जायचं नाही. असलं शहाणपण चुलीत घालायच्या लायकीचं, पण बाईनं ते जिवापाड जपलं.

यंदा चाळीसगावच्या एका लग्नात जळगावचे हेमराजभाऊ आले. त्यांचं मंगल कार्यालय आहे. तिथलं मांड्यांचं सगळं काम एका बाईच्या हाती द्यायचं, तिनं आपल्या मर्जीच्या बाया आणायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. मांडे करायला दिपमाला, लताबाई आणि गल्लीतल्या बाया आल्या होत्या; दिपमालाची चुलत पुतणी सारिका कणीक मळत होती. नवऱ्यानं टाकलेली पोर, भावजयीचे टोमणे खाऊन दिवस काढणारी. येताना बसमध्ये तिनं हात धरून सांगितलं होतं, "काकू, आज नीट कर. तुझ्यामागे मीपण त्या घरातून सुटेन."

हेमराजभाऊ चुलीपुढे येऊन उभे राहिले. दिपमालाचं नख गेलंच. मांडा टरकन फाटला, पुरण खापरावर सांडून करपलं.

"कणीक कोणी मळली?" भाऊंनी विचारलं.

लताबाई कशाला गप्प बसतेय! "ह्या पोरीनं. हिच्या हाताला गुणच नाही. सासरी तरी कुठे टिकली?"

"मग आधी हिला काढा," भाऊ म्हणाले आणि पाठ फिरवली.

सारिका ताडकन उठली. "काकू, तू नख मारलं! बठ्ठं माहीत शे माले, सगळं! तुला मोठं व्हायचं नसेल तर नको होऊ, बस तशीच कुढत! पण माझ्या पोटावर का पाय देतेस?"

दिपमालाच्या अंगाची लाही लाही झाली. आधी पोरीचा राग आला, मग लताबाईचा, आणि मग स्वतःचा इतका आला की थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आपल्या भित्रेपणापायी ही पोर चव्हाट्यावर उभी होती.

"भाऊ, थांबा!" ती ओरडली. "मांडा मी फाडला. कणीक चोख आहे."

"मुद्दाम? का?"

"भिऊन! ह्या बाया मला टाकतील म्हणून भिऊन! इतकी वर्षं आपलंच काम नासवलं मी, आग लागो माझ्या भिण्याला!"

तिनं गोळा उचलला. रागारागानं हातावर घेतला, पण हात चुकला नाही. मांडा कोपराबाहेर लोंबला आणि खापरावर अख्खा बसला. "जळगावला कधी येता?" हेमराजभाऊंनी तिथल्या तिथे विचारलं.

लताबाईनं हात झटकले आणि ती मांडवाबाहेर निघाली. तिच्या मागोमाग बाकीच्या बायाही एकेक करून उठल्या.  "लताबाई, थांबा," हे शब्द दिपमालाच्या अगदी ओठांवर आले होते. ते तिनं दातांखाली रगडले.

"सारिका, बघत काय बसलीस? पंगत बसायची आहे. दुसरा गोळा दे!"