आबांच्या धाब्यावरची वायर

“वायर नेमकी कुणाकुणाच्या घरावरून जाते?” चाळीसगावच्या कोर्टात न्यायाधीश साहेबांनी विचारलं आणि माझ्यामागे उभी असलेली अख्खी गल्ली पुढे सरकली. मी बोलावलं होतं तिघांना.

माझी अशील मंगलाअक्का. नवरा अंथरुणाला खिळल्यावर त्याचा केबलचा धंदा तिने हाती घेतला. नव्वदीची सुरुवात होती. केबलसाठी वेगळा कायदाच नव्हता. एका थिएटरवाल्याने तक्रार केली, तर पोलिसांनी इंग्रजांच्या जमान्यातला तार कायदा लावला आणि सिग्नल पकडणारा रिसीव्हर उचलून नेला. जप्त वस्तूला मुद्देमाल म्हणतात. तो एकदा ठाण्याच्या खोलीत पडला की केस संपेपर्यंत धूळ खातो. तोवर गिऱ्हाइकं थांबणार नव्हती, आणि अक्काचं घर त्या एका डब्यावर चालत होतं. म्हणून मी अर्ज टाकला: रिसीव्हर सुपूर्दनाम्यावर द्या. म्हणजे वस्तू घरी न्यायची, कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची.

केबल म्हणजे तार यंत्रणा की नाही, यावर वरच्या कोर्टांतच वाद चालला होता. त्यात मी कशाला पडू? माझा मुद्दा साधा. आमची वायर सरकारी रस्ता ओलांडत नाही, लोकांच्या धाब्यांवरून जाते आणि मालकांची परवानगी आहे. धाबं म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छत. ज्याच्या धाब्यावरून वायर, त्याला कनेक्शन फुकट, हा अक्काचा नियम गावाला पाठ होता.

तिघे व्यवस्थित बोलले. मग काठी टेकत, न बोलावलेले म्हातारे सुकदेवआबा पुढे आले. मी डोळ्यांनी ‘नको’ म्हणालो. ऐकतात कसले.

“मना धाबावरथीन बी जास, साहेब. मनी परवानगी शे.”

सरकारी वकील लगेच उठले. “साहेब, यांचं घर मोठ्या रस्त्याच्या पलीकडे आहे. म्हणजे वायर रस्ता ओलांडते.”

अक्काने पदर तोंडाला लावला.

साहेबांनी विचारलं, “आबा, फुकट कनेक्शन आहे ना? मग टीव्हीवर काय बघता?”

“टीव्ही नही शे, साहेब.”

“मग वायर कशाला?”

आबा गडबडले, अक्काकडे पाहू लागले. “वायर बी नही शे. पोर रडी राहिंती. मी म्हन्तं, एक परवानगी वाढनी ते मशीन सुटी जाई.”

“खोटं बोलल्याबद्दल आत जाल, माहीत आहे?”

“मंग अक्कानं मशीन?” आबांनी विचारलं.

साहेबांनी आबांना समज देऊन खाली बसवलं आणि पोलिसांना जागा पाहून यायला सांगितलं. रस्त्यावरून वायर जातच नव्हती. रिसीव्हर त्याच आठवड्यात घरी आला.

त्या दिवशी कोर्टाबाहेर मी आबांना झापायला तोंड उघडलं आणि दोन चहा सांगितले. असलं माणूस मला जन्मात भेटलं नव्हतं.

पुढे केबलचा कायदा झाला. अक्काने पोस्टात रीतसर नोंदणी केली आणि केस निकालात निघाली. नंतर इंटरनेट आलं तेव्हाही तेच पाहिलं. वायर आधी पोचते, कायदा मागून एसटीने येतो.

मी मात्र एक शिकलो. दुस्वासाने खोटं बोलणारा साक्षीदार उलटतपासणीत फोडता येतो. मायेने खोटं बोलणारा नेमका आपल्याच बाजूचा निघतो. त्याला आधीच बाहेर चहाला पाठवावं.