न मिळालेली पुडी

देवीशी मी तेव्हा अबोला धरला होता, हे आधीच कबूल करते. पहिली मुलगी सहाव्या दिवशी न्यूमोनियाने गेली, हॉस्पिटलच्या काचेच्या पेटीत. तिला धड कुशीतही घेता आलं नाही. म्हणून तीन वर्षांनी मुलगा झाला तेव्हा हट्टच धरला, काहीही होवो, याला त्या पेटीत ठेवू देणार नाही.

आम्ही तेव्हा आखातात, अल कुसैसला राहत होतो. बाळंतपणासाठी सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या; शेक, धुरी, सगळं साग्रसंगीत चाललं होतं. अठराव्या दिवशी बाळाने दूध सोडलं. श्वास भराभर चालायचा, बरगड्यांखाली खळगा पडायचा. ही लक्षणं मला पाठ होती, तरी मी सर्दी सर्दीच म्हणत राहिले. हे दूर मुसफ्फाला कामाच्या साइटवर, आठवडी सुट्टीच्या आदल्या रात्री, गुरुवारशिवाय यायचे नाहीत. शेजारणीच्या नवऱ्याचा जुनाट खोकला एका चिनी वैद्यबाईच्या जडीबुटीने गेला होता. ती पेशंट पाहिल्याशिवाय पुडी देत नाही म्हणे. मी बाळाला लुगड्यात गुंडाळलं.

"अगं, सव्वा महिना व्हायचाय! ओल्या बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नसतो." सासूबाई दार अडवून उभ्या राहिल्या.

"आई, सव्वा महिना मोजायला बाळ तर राहू दे," म्हणाले आणि निघाले. टॅक्सीत अबोला मोडून देवीला सुनावलं, एक नेलंस, हे देणार नाही. ती पुडी तेवढी मिळू दे, बाकी तुझं काही नको.

दुकानात भिंतभर लाकडी खण होते. वैद्यबाई साठीची असेल. तिने एक खण उघडला, मग लुगडं सोडून बाळाची छाती पाहिली आणि खण बंद केला. "नो मेडिसिन. बेबी टू स्मॉल. हॉस्पिटल."

"हॉस्पिटल नहीं! पावडर दो!" मी किंचाळले.

तिने माझ्या कानांवर बांधलेल्या रुमालाकडे बोट दाखवलं. "बेबी, नो वन मंथ? चायना सेम. मामा नो गो आउट." मग माझा दंड धरला. "टुडे, गो." दुकानाला कुलूप लावून ती माझ्याबरोबर टॅक्सीत बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "यल्ला!" चल, लवकर!

न्यूमोनियाच होता. ऑक्सिजन, इंजेक्शनं, आणि तीच काचेची पेटी. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. त्या बाईने नर्सला विचारून माझा हात पेटीच्या झरोक्यातून आत घातला. बाळाने बोट धरलं, तेव्हा मी मोठ्याने रडले.

अकराव्या दिवशी त्याला घरी आणलं. सासूबाई म्हणाल्या, देवीच आली होती त्या वैद्यबाईच्या रूपात. त्या बाईचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, एवढं मला कळतं. देवीशी अजूनही भांडते, पहिलीचा जाब अजूनही मागते आणि मागत राहणार. फक्त 'हेच दे' असं आता म्हणत नाही. त्या दुपारी मी हट्टाने जे मागितलं ते तिने दिलं असतं, तर आज मला मुलगा नसता.