एका मताचे सात धनी

पांदेले टुडोसेसारखा गाढव आमच्या वस्तीत दुसरा झाला नाही, आणि हे मी मायेने म्हणतेय. तो तिसऱ्या मजल्यावर, मी चौथ्यावर. तीस वर्षं त्याचा खोकला ऐकतेय, तेव्हा एवढा हक्क मला आहे.

अठराव्या वर्षी खेडं सोडून तो डॅन्यूबकाठच्या आमच्या या शहरात आला आणि जहाजांच्या कारखान्यात वेल्डर झाला. जुन्या राजवटीत मत टाकायला गेलं नाही तर दुपारी दारावर थाप पडायची. ती थाप याच्या हाडात मुरली. राजवट बुडाली, पक्ष आले, त्यातल्या एकाने याच्या हातात पोस्टरं चिकटवायच्या खळीची बादली दिली. झालं! तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत भिंतींवर पोस्टरं डकवायला हा पुढे. मतदानाच्या दिवशी गुळगुळीत दाढी, लग्नातला कोट, आणि सातच्या ठोक्याला शाळेच्या दारात पहिला नंबर. बायकोला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेला होता. मी तोंडावर बोलले त्याला तेव्हा.

या सगळ्या हमालीच्या बदल्यात एकच गोष्ट पदरात पडली. त्याची मुलगी इलिंका नगरपालिकेच्या बालवाडीत स्वयंपाकाला लागली. करार वर्षाचा, दर सप्टेंबरला नवा, सही त्याच पक्षाच्या महापौराची. आईमागे ही एकच पोर त्याच्याजवळ उरलेली. ती जवळ राहावी म्हणून तो आणखी शंभर भिंतींना खळ फासायला तयार होता.

आणि त्या हिवाळ्यात महापौराने घरं उबदार ठेवणारं वस्तीचं गरम पाणी बंद केलं. फेब्रुवारीत आम्ही म्हाताऱ्या कोट घालून झोपलो. लोक पेटले, सह्या झाल्या, जूनमधे सार्वमत लागलं. महापौर ठेवायचा की काढायचा? पण अट अशी की शंभरातल्या तीस जणांनी तरी मत टाकायला हवं, नाहीतर सगळं रद्द. महापौराची माणसं काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. त्यांनी ना सभा घेतली ना पोस्टर लावलं. आमचे नगरसेवक मोकानुसाहेब जिना चढून दारोदार एवढंच सांगून गेले, “रविवारी घरी बसा. जो बसेल तो आपला.”

शाळेसमोरच्या बाकावर त्यांचे दोन इसम सूर्यफुलाच्या बिया फोडत बसणार होते. आत कोण शिरतं ते बघायला. गुप्त मतदान म्हणे! डोंबलाचं गुप्त!

शनिवारी पांदेले जिन्यात बुटांना पॉलिश करत बसलेला दिसला.

“पांदेले, तू उद्या जाणार आहेस की काय?”

“म्हणजे काय, सफ्ताताई! मत चुकवलंय का कधी?”

“अरे मेल्या, तू गेलास की आमचा आकडा वाढतो. मला हवंच आहे ते. पण तुझ्या पोरीचं काय?”

“मी महापौरांच्या बाजूनेच टाकणार.”

“ते पेटीला कळेल. बाकावरच्यांना कसं कळणार?”

तो हसला. “घरी बसा हे कच्च्या लोकांसाठी सांगितलंय, ताई. मी पक्का आहे. सगळं गाव त्या माणसाला हाकलायला निघालंय, आणि त्याच्या बाजूने एकही मत पडू नये? बरं दिसतं का ते?”

कपाळ माझं!

रविवारी तो पहिला गेला. मी नऊला गेले आणि काढण्याच्या बाजूने टाकून आले. माझं पेन्शन कोण काढून घेतंय? बाकी वस्तीचे वाघ पडद्याआडून बघत बसले. शहरात शंभरातले चोवीसच आले. महापौर खुर्चीत तसाच.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारावर निकाल चिकटवला. आमच्या केंद्रात महापौराला काढा म्हणणारे दोनशे ऐंशी. ठेवा म्हणणारा एक.

पांदेले तो कागद वाचून लहान मुलासारखा खूश झाला. “हा मी! बघा, हा मी!” म्हणत तो थेट पक्षाच्या कचेरीत गेला. मीही मागोमाग गेले, कारण मला ते बघवत नव्हतं आणि राहवतही नव्हतं. तिथे आधीच सहाजण उभे. नर्स, बसड्रायव्हर, मोकानुसाहेबांची मेहुणी विओरिका. सगळ्यांना बाकावरच्यांनी हेरलं होतं, आणि सगळे शपथेवर सांगत होते की ते एक मत माझंच.

“वा!” मोकानुसाहेब म्हणाले. “एक मत आणि सात धनी!”

“साहेब, मी सातला गेलो,” पांदेले काकुळतीला आला. “पेटी रिकामी होती. तळाचं मत माझं.”

“पेटी उपडी झाली रे बाबा. आता तळ कुठला आणि वर कुठलं? ते मत विओरिकाचं आहे. मला माहीत आहे.”

“माझं आहे हो, साहेब!”

“असेलही. पण तुझं मत मागितलं होतं कोणी? बस म्हटलं होतं तुला. तेवढं जमलं नाही.”

नालायक माणूस. पण बोलला ते खरं होतं, आणि म्हणूनच माझा जळफळाट झाला.

वस्तीत आणखी वाईट. घरी बसलेले वाघ आता याच्या पाठीवर थापा मारायला लागले. “शाब्बास पांदेले! अखेर माणसात आलास!” तो ओरडायचा, “अरे, मी त्याच्याच बाजूने टाकलं!” ते डोळे मिचकावायचे. “हो हो, आम्ही कुठे काय म्हणतोय?”

सप्टेंबरमधे इलिंकाचा करार झाला नाही. तिच्या जागी विओरिकाची भाची आली. ऑक्टोबरात इलिंका इटलीला निघाली, कुठल्याशा म्हातारीचं हगणंमुतणं काढायला. मंडईमागून मिनीबस सुटते, तिथे आम्ही दोघं पोचवायला गेलो.

पांदेले बॅग धरून नुसता उभा. त्याला माफी मागायची होती. तेवढ्यात पोरीनेच त्याच्या कोटाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, “बाबा, नोकरी गेली तर जाऊ दे. शाळेत मला सगळी खळीवाल्याची पोर म्हणून चिडवायची. तुमची लाज वाटायची मला. पण या वेळी तुम्ही छाती काढून आत गेलात. तुम्ही बाहेर काहीही सांगा, मला खरं सांगा. त्याला काढायलाच टाकलंत ना?”

चार महिने तो खरं सांगत फिरला होता आणि एकाही माणसाला ते पटलं नव्हतं. माझ्याशिवाय.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे बघायला लागले.

“हो,” तो म्हणाला. “काढायलाच टाकलं.”

तिने त्याला घट्ट मिठी मारली, अशी की तिच्या लहानपणानंतर मी कधी पाहिली नव्हती, आणि बसमधे चढली.