न आटणारी सुरई

माझ्या मित्राने चेटकिणीला माझ्या आईचा आवाज दिला, तिथून हे सुरू झालं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लखनौला महानगरमधल्या आमच्या घरी दर रविवारी आम्ही चार पोरं जमायचो. माझे बाबा बँकेत, त्या मित्राचे हवाई दलात. तोही मराठीच, पण बोलायचा हिंदी. नियमपुस्तकाची झेरॉक्स, फासे, कागद एवढ्यावर आमचा कल्पनेतल्या मोहिमांचा खेळ चाले. तो गोष्ट रचायचा, आम्ही तिघं त्यातले योद्धे नि चोर व्हायचो. त्या दिवशी गुहेतली चेटकीण म्हणाली, "अरे बाळ, थोडा पोहा खाके जाव ना." हुबेहूब आईचं मोडकं हिंदी. बाकीचे दोघे हसून लोळले. आई बश्या घेऊन दारातच उभी होती. तीही हसली. त्यानंतर मात्र माझ्या मित्रांशी ती हिंदी बोललीच नाही. बश्या ठेवायची, आत जायची.

मी संधीची वाट पाहिली.

त्याच्या वडिलांची बदली झाली. जाण्याआधी आम्हाला फिरवून आणायचं म्हणून सुट्टीभर खपून त्याने खेळासाठी जमिनीखालचं एक शहर रचलं होतं. नकाशे रंगवलेले. शेवटच्या रविवारी त्यांची गुंडाळी मांडीवर घेऊन बसला.

खेळात माझ्याकडे पाणी कधी न आटणारी जादूची सुरई होती. आधीच्या वाळवंटातल्या मोहिमेत त्यानेच दिलेली. आणि एक दांडा, लावला की जागचा न हलणारा.

"सुराही शहर के दरवाज़े में उलटी रखता हूँ," मी म्हणालो, "ऊपर से डंडा. अब कोई नहीं हटा सकता. हम महीने भर बाद लौटेंगे."

"यार, एक बार अंदर तो चल."

"नहीं."

"अच्छा, कहीं नाली होगी."

"तूच सांगितलंस, वाट एकच आहे." हे मुद्दाम मराठीत.

खेळात त्याचाच शब्द शेवटचा. नाली आहे म्हणाला असता तर मला ऐकावं लागलं असतं. पण लबाडी त्याने कधीच केली नव्हती.

"डूब गया," तो म्हणाला. "सब."

एकजण म्हणाला, नकाशे तरी दाखव. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणायचीच खोटी होती.

"पानी के नीचे क्या दिखेगा?" मी म्हणालो.

गुंडाळी न उघडताच तो गेला. पुढे माझं मन मला खात राहिलं, ते खरंच. पण त्या दुपारी मला फार बरं वाटलं होतं, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.