पिवळा तो आपला

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला? पण चहा पाजलाच आहे तर ऐका.

कुरुंद्याजवळ आमच्या शेतकरी मंडळींची हळदीची कंपनी आहे. मोठं आवार, भोवती तारेचं कुंपण, आणि कुंपणावर गस्त घालायला ड्रोन. तो उडवायची मी, सुमन! अख्ख्या गावात ट्रेनिंग घेतलेली एकटीच बाई, म्हणून नाक जरा वरच असायचं माझं.

पण ड्रोन होता येडा. दिसेल त्याच्यामागं पळायचा. त्याच्या भोंग्यात माझाच आवाज भरलेला, त्यातून कामावरच्या बायकांवर ओरडून ओरडून बॅटरी संपवायचा. शेवटी अध्यक्ष बापूकाका वैतागले. "सुमन, सोमवारी संचालकांसमोर नीट चालवून दाखव. जमलं तर तुला कायम करतो. न्हाई तर ड्रोनबी वापस अन् तूबी!"

वापस म्हणजे कुठं? नणंदेच्या शेतात निंदायला! आणि माझ्या नणंदेचं तोंड तुमी ऐकलं न्हाई अजून.

मग मी डोकं चालवलं. आमच्याकडं हळद पॉलिश करायचा ड्रम फिरला की असा धुरळा उडतो, की दहा वाजेपर्यंत आवारातलं माणूस न् माणूस पिवळं! मी ड्रोनला शिकवलं, पिवळा तो आपला, त्याला सोड. पिवळा नसेल तो परका, त्याला फाटकाबाहेर हाकल आणि मगच थांब. दोन दिवस एकदम शांतता! स्वतःचीच दृष्ट काढावी वाटली मला.

सोमवारी संचालक आले. सगळे कडक इस्त्रीचे, पांढरेशुभ्र. हसा, हसा! तुमच्या ध्यानात आलं, माझ्या आलं का?

"रिमोट काहून ठेवून राहिली?" काकांनी विचारलं.

"लागतच न्हाई, काका. आता त्याचं तोच ठरवतो!" मी रुबाबात रिमोट टेबलावर ठेवला.

ड्रोन उठला तो थेट काकांच्या डोक्यावर! भोंग्यातून माझाच आवाज, "ए चोरा, भायेर निघ!"

काका धोतर सावरत पळाले. खुर्च्या आडव्या, टेबल आडवं, रिमोट कुठं गेला देव जाणे. ड्रमवर कामाला असलेली गयाबाई ओरडली, "काका, पिवळे व्हा!" आणि ओंजळभर भुकटी तिनं त्यांच्या अंगावर टाकली. ड्रोन गप्प!

मग काय, सगळे संचालक ड्रमाकडं. कुणी स्वतःच्या तोंडाला फासतोय, कुणी दुसऱ्याच्या पाठीला. लग्नात बी एवढी हळद लागली नसेल त्यांना!

मला हायसं वाटलं. आणि तेवढ्यात माझ्याच कानाशी, "ए चोरा!"

अहो, कायम होणार म्हणून नवीकोरी निळी साडी नेसले होते मी! अंगावर हळदीचा कण न्हाई! ड्रमाकडची वाट त्यानं अडवलेली. पदर खोचून पळाले ती फाटकाबाहेरच. तेव्हा कुठं मेला शांत झाला. आत पाय टाकला की पुन्हा सुरू!

"काका, माझं काय?" मी बाहेरूनच विचारलं.

पिवळेधमक काका धापा टाकत म्हणाले, "मशीन पास! धोका येकाच माणसाचा व्हता, त्यानं बराबर वळखला."

ड्रोन त्याच दिवशी कायम झाला. मी? चहा आटपा लवकर, नणंद बांधावर वाट बघून राहिली.