न उघडलेली पेटी

बचत गटात प्रथमोपचार शिकवायला एक नर्सबाई आल्या होत्या. कोळवणहून पौडचा दवाखाना लांब, वेळेला जीप मिळेलच असं नाही, म्हणून घरात एक पेटी हवीच, असं त्या म्हणाल्या. मला ते पटलं. माझ्या लग्नातली लहान पत्र्याची पेटी घासूनपुसून घेतली. जंतुनाशक, भाजल्यावरचं मलम, क्रेप बँडेज, कात्री असं एकेक करून जमवलं. गॉजचे तुकडे पिशव्यांत भरले आणि प्रत्येक पिशवी लेकीच्या जुन्या लाल रिबिनीनं बांधली. माझं काम नीटनेटकं असतं. हे मीच सांगते, कारण घरात दुसरं कोणी सांगत नाही.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी पेटीला हळदकुंकू लावलं आणि बजावलं, "उगी उगडायची न्हाई. दुखनं बोलावल्यावानी व्हतं." मला हसू आलं, पण ऐकलं. फळी पुसताना पेटी उचलायची, जड लागली की बरं वाटायचं. उघडत मात्र नव्हते. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आमचे हे पलीकडच्या बंगल्यावर राखणदार आहेत. बंगला पुण्याच्या लोकांचा, शनिवार-रविवारी पाहुण्यांना भाड्यानं जातो.

अशाच एका शनिवारी लेक माझ्याबरोबर बांधावर गवत कापत होती. विळा निसटला आणि तिच्या डाव्या तळव्यात शिरला. पदरानं हात दाबून धरत मी तिला घरी आणलं. ती रडत नव्हती, नुसती पांढरी पडली होती. "आपली पेटी हाय ना, आई?" एवढंच म्हणाली. मी पेटी खाली घेऊन उघडली. आत जुनं फडकं होतं आणि फडक्यात गुंडाळलेला फरशीचा तुकडा.

ती निळसर फरशी बंगल्यातली होती. मी लेकीला घेऊन तिकडेच पळाले. हे फाटकाशी होते. तिचा हात बघून धावत आले, मग माझ्याकडे पाहिलं आणि थबकले. पाहुण्यांतल्या एक बाई चटकन पुढे झाल्या, भिंतीवरचं कपाट उघडलं. आत लाल रिबिनींच्या पिशव्या ओळीनं लावलेल्या होत्या.

"घाबरू नका, इथं सगळं आहे. तुमच्या मिस्टरांनी छान ठेवलंय," त्या म्हणाल्या.

त्यांनी रिबीन सोडली, गॉज घट्ट दाबला, वर बँडेज गुंडाळलं. लेकीनं रिबिनीकडे पाहिलं, मग बापाकडे. मी बाईंचे आभार मानले. माझ्याच पट्ट्यांसाठी.

पौडला टाके घालून घरी आल्यावर हे म्हणाले, "बंगल्यावर औषधाची पेटी ठेवा म्हनून मालकांनी तगादा लावला व्हता. पावन्यांना दावायला न्हेलं. परत भरून ठेवनार व्हतो."

"आन् फरशी?" मी विचारलं.

वस्तू नेल्याचा राग मी गिळला असता, संसारात पुष्कळ गिळलं आहे. पण मी पेटी नुसती उचलून बघते, हे ह्यांनी कधीतरी नीट पाहिलं होतं. इतक्या वर्षांत माझ्याकडे एवढं लक्ष दिलं, ते मला फसवायला. ते मला अजून सोसत नाही.

पेटी आता पुन्हा भरली आहे. मी ती रोज उघडते, हे समोर असताना. आत्याबाई आता अडवत नाहीत.